कोपऱ्यावरचा उकिरडा : ओळख, निगा व निर्मूलन

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. बारा वर्षे नाक दाबून बसणे ज्यांना परवडत नाही, अशा सद्गृहस्थांसाठी व गृहिणींसाठी ही मार्गदर्शिका आहे. सोसायटीच्या भिंतीलगत किंवा गल्लीच्या तोंडाशी रात्रीतून कोणीतरी कचरा टाकून जात असेल आणि सकाळी दूध आणायला उतरल्यावर पहिले दर्शन त्याचेच होत असेल, तर पुढील सूचना क्रमाने अमलात आणाव्यात. क्रम मोडल्यास फळ मिळत नाही. पाळल्यास मिळेलच असेही नाही. पण ‘आम्ही काही केले नाही असे नाही हो,’ असे चारचौघांत म्हणता येते, आणि मध्यमवर्गाला एवढे पुरते.

१. उकिरडा कसा जन्मतो

उकिरड्याला आधी जागा लागते. ती कोणाच्याच दारासमोर नसावी, पण सगळ्यांच्या वाटेवर असावी. तिथला दिवा गेलेला असावा. मागे कोर्टात अडकलेला प्लॉट किंवा विजेच्या डीपीचे कुंपण असावे, म्हणजे खिडकी उघडून ‘कोण आहे रे?’ विचारणारा कोणी राहत नाही.

एवढे जमून आले की एके रात्री पहिली पिशवी येते. पहिली पिशवी टाकायला धाडस लागते. दुसरी टाकायला फक्त पहिली लागते. पाच-सहा पिशव्या झाल्या की जागा नावारूपाला येते, आणि रिक्षावाल्याला ‘त्या कचऱ्यापासून डावीकडे घ्या’ असे आपण स्वतःच सांगू लागलो की उकिरड्याची नोंदणी पूर्ण झाली असे समजावे.

काही जागा वारशाने चालत येतात. पुण्यासारख्या शहरात कचराकुंडीमुक्तीसाठी कोपऱ्याकोपऱ्यावरचे कंटेनर उचलले गेले. कंटेनर गेला, जागेचा मान गेला नाही. लोक आजही नेमक्या त्याच चौकोनात पिशवी टाकतात, फूटभर इकडे नाही की तिकडे नाही. पालिकेच्या दप्तरी अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. आपल्या कोपऱ्याचे नाव त्या यादीत आले असल्यास अभिनंदन. निदान यादीत तरी आले.

२. टाकणाऱ्यांचे प्रकार

शत्रू ओळखल्याशिवाय युद्धाला उतरू नये. अभ्यासकाला पुढील प्रकार आढळतील.

फिरता फेकी : हा स्कूटरवरून येतो. हुकाला जेवणाचा डबा असतो, म्हणून पिशवी पायाशी, दोन टाचांच्या बेचक्यात. ढीग दहा पावलांवर आला की वेग कमी होतो, गाडी मात्र थांबत नाही. डावा हात खाली जातो, पिशवीचे कान धरतो, एक झोका, आणि पिशवी बरोबर ढिगाच्या माथ्यावर. या सगळ्यात मान सरळ, नजर समोर; जणू हात दुसऱ्याच कोणाचा होता. ओरडून उपयोग होत नाही, कारण डोक्यावर हेल्मेट असते. पुण्यात हेल्मेट नसते, तरी ऐकू येत नाही.

निर्माल्यवाले : हे कचरा टाकत नाहीत, ठेवतात. पिशवीत सुकलेला झेंडू, तडा गेलेली तसबीर आणि गणपतीचे चित्र असल्यामुळे रद्दीत घालता न येणारी गेल्या वर्षीची दिनदर्शिका असते. पिशवी ठेवून, चप्पल काढून नमस्कार करतात आणि मग जातात. यांच्याशी वाद घालू नये. आपणच पापात पडतो.

भूतदयावाले : कालची पोळी आणि परवाचा भात ‘गाईला होईल’ म्हणून कॅरीबॅगसकट मांडून ठेवतात. गाय येते, भात खाते, आणि पिशवी सोडवायला तिला हात नसल्याने पिशवीही खाते. पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होते, ते गुरांच्या डॉक्टरांना विचारावे.

नूतनीकरणवाले : न्हाणीघरात नव्या टाइल्स बसल्या की जुन्यांचे काय होते, हा प्रश्न यांना पडत नाही. ‘ठेकेदार बघून घेईल’ या तीन शब्दांत तो सुटलेला असतो. ठेकेदार खरोखरच बघतो : रात्री साडेअकरानंतर आसपास कोणी नाही ना, एवढे बघतो आणि टेम्पोचा फाळका पाडतो. राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार दिवसाला वीस टनांहून अधिक मलबा करणाऱ्याने त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा होता. एका न्हाणीघरात वीस टन निघत नाहीत, म्हणून आराखड्यातून सूट होती. गल्लीत ओतण्याची सूट मात्र त्या नियमांत कुठेही नव्हती.

दुकानदार : शहाळ्यांची टरफले, कोंबडीची पिसे, सलूनमधले केस. या तिन्हींचा क्रम वाऱ्याच्या दिशेनुसार ठरतो.

गाडी चुकलेले : सकाळी सातच्या पाळीला जाणारे, नर्स, सुरक्षारक्षक, एका खोलीत चौघे राहणारे विद्यार्थी, आणि जिथे दोघेही नोकरीला जातात ती सगळी बिऱ्हाडे. घंटागाडी साडेआठला येते. तेव्हा घरी कुलूप असते. हे लोक पिशवी टाकताना ओशाळतात आणि ढिगाच्या कडेला हळूच सरकवतात. यांची आठवण ठेवावी. पुढे लागणार आहे.

३. पाटीयोग

निदान झाल्यावर पहिला उपचार पाटीचा. ‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी सौम्य अवस्थेत द्यावी. तिच्यामुळे परिसरात नव्याने राहायला आलेल्यांना कचरा कुठे टाकतात ते कळते. गुण न आल्यास खाली ‘आदेशावरून’ वाढवावे. कोणाच्या आदेशावरून, ते लिहू नये. आदेशाचे वजन त्यानेच राहते. तिसऱ्या अवस्थेत ‘येथे कचरा टाकणारा गाढव आहे’ हे वाक्य चित्रासह. चित्रकाराला गाढव फार गोजिरे काढू देऊ नये, नाहीतर पोरे त्याच्याशेजारी फोटो काढायला येतात आणि वेफर्सची पाकिटे तिथेच टाकतात. चौथ्या अवस्थेत आईवडिलांचा उद्धार येतो. तिथे थांबावे. पाटीची भाषा चढते तसा ढीगही चढतो आणि एक दिवस पाटी गळ्यापर्यंत बुडते.

४. दैवी उपाय

भिंतीवर देवांच्या फरशा बसवाव्यात. पक्षपात नको म्हणून सर्व धर्मांच्या ओळीने लावण्याची पद्धत आहे. पहिला आठवडा अगदी निर्मळ जातो. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी फरशीला हार घालतो. तिसऱ्यात उदबत्तीचे घर आणि नारळ. महिनाभरात तिथे रोजचे निर्माल्य साठू लागते आणि ते ठेवायला जवळची सोयीची जागा म्हणून लोक खालचा कोपरा निवडतात. देवाने राखलेली जागा देवाच्याच पिशवीने भरते. या उपायाचा आणखी एक तोटा म्हणजे नंतर पालिकेला तिथे हात लावायचा झाला तर आधी पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो.

५. सौंदर्योपचार

जागा धुऊन, चुना मारून, रांगोळी काढून कुंड्या ठेवणे हा उपाय अनेक शहरांच्या पालिकाही करतात, आणि खरे सांगायचे तर चालतोही. स्वच्छ चौकोनात पहिली पिशवी टाकायला पुन्हा धाडस लागते. मात्र रांगोळी रोज काढावी लागते. पहिल्या दिवशी फोटोत पंधरा माणसे असतात. पुढे रांगोळीचा डबा एकाच काकूंच्या हातात राहतो आणि बाकीचे व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवतात. कुंड्या साखळीने बांधाव्यात. कचरा टाकणारे आणि कुंड्या नेणारे वेगळे असतात, पण रात्रीच्या वेळा जुळतात.

इथे गाडगेबाबांची आठवण येणे साहजिक आहे. बाबा गावात शिरले की आधी खराटा धरत आणि रात्री कीर्तन करत. आपण क्रम जरा सोयीचा केला आहे : कीर्तन दिवसभर ग्रुपवर चालते आणि खराटा दोन ऑक्टोबरला निघतो, तोही पाहुण्यांच्या हातात देण्यासाठी नवा कोरा.

६. शोधकार्य

आता पुरावा गोळा करायचा. जाड हातमोजे, चिमटा, आणि शेजारणीने ‘अहो, हे काय?’ विचारल्यास द्यायला एक उत्तर, एवढे साहित्य घ्यावे. ढिगाच्या कडेचे कुरिअरचे खोके शोधावे. जाणते लोक पत्त्याची चिठ्ठी फाडतात, पण ती पूर्ण सुटत नाही. वरचा पातळ पापुद्रा निघून येतो आणि खाली नावाची शेवटची अक्षरे, विंगचे अक्षर आणि पिनकोड राहतो. शेजारी त्याच घरातली औषधाची चिठ्ठी किंवा मुलाची फाडलेली वही मिळाली तर काम झालेच.

अशा वेळी दोन पथ्ये पाळावीत. पत्ता आपल्याच इमारतीचा निघण्याची मनाची तयारी ठेवावी. बहुधा तसेच होते, कारण लांबून कचरा आणून टाकण्याइतका उत्साह फार थोड्यांत असतो. आणि ते नाव ग्रुपवर जाहीर करू नये. जाहीर केल्यास चर्चा कचऱ्यावरून पार्किंगवर, पार्किंगवरून मेन्टेनन्सवर आणि तिथून कोणाच्या कुत्र्यावर जाते, आणि ढीग एकटा पडतो. खोके घेऊन त्या दाराची बेल वाजवावी आणि ‘हे तुमचे खाली राहिले होते’ इतकेच म्हणून परत यावे. याहून कडक नोटीस कोणत्याही कार्यालयातून निघत नाही.

कॅमेरा लावायचा तर तो चालू असावा. ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ या पाटीने आजवर फक्त भाबडी माणसे घाबरली आहेत.

७. तक्रार : एक साधना

यानंतर सरकारदरबारी जावे. मोबाइल ॲपवर फोटोसह तक्रार नोंदवली की लगेच क्रमांक मिळतो, तो कितीही मोठा असला तरी पाठ करावा. दोन दिवसांनी ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा निरोप येतो. खिडकीतून बघावे. ढीग तिथेच असल्यास निरोपाखालचा फोटो बघावा. तो स्वच्छ रस्त्याचा असतो आणि रस्ता आपला नसतो.

मग क्षेत्रीय कार्यालय. तिथे हद्दीचा प्रश्न निघतो. ढिगाचा पूर्वभाग एका प्रभागात आणि पश्चिमभाग दुसऱ्यात असल्याचे नकाशावरून दाखवले जाते. दोन्ही बाजूंच्या निरीक्षकांना एकाच वेळी ढिगापाशी बोलवावे. हे जमले तर पुढचे सगळे सोपे आहे, आणि न जमल्यास माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. व्यथा मांडायला ते फार तोकडे पडतात, म्हणून व्यथा मांडू नये. तीनच गोष्टी विचाराव्यात : आमच्या गल्लीत कचरागाडीची ठरलेली वेळ कोणती, मागच्या तीन महिन्यांची गाडीच्या फेऱ्यांची नोंद, आणि या भागासाठी नेमलेल्या मुकादमाचे नाव. असा अर्ज गेला की पुष्कळदा उत्तराआधी गाडीच येते.

कोणताही कागद देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे त्या कार्यालयाच्या दृष्टीने न टाकलेला कचरा.

८. कायद्याचे पान

आपल्या बाजूने कायदा आहे का, असे लोक विचारतात. भरपूर आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून देशात शहरांच्या घनकचऱ्याचे २००० चे नियम आले आणि पुढे २०१६ चे. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन कचरे वेगळे करायला सांगितले आणि रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात किंवा पाण्यात कचरा टाकणे, जाळणे, पुरणे यांना मनाई केली. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसे जमवायची असतील तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवावे, असेही त्यांत होते. आपल्या गल्लीतल्या बारशाला मंडप पडतो, केटरर येतो, द्रोण-पत्रावळींचा डोंगर होतो. पालिकेला कळवलेले बारसे कोणाच्या पाहण्यात असल्यास त्या बाळाचा सत्कार करावा.

पालिका ‘पैसे नाहीत, माणसे नाहीत’ म्हणाली तर मध्य प्रदेशातल्या रतलामचे नाव घ्यावे. तिथल्या एका वॉर्डातल्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. आदेश निघाला, नगरपालिका पैशांची अडचण सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला : तिजोरीत खडखडाट आहे हे सफाई न करण्याचे कारण होऊ शकत नाही. तो खटला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खालचा होता. जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात. दारात ढीग असलेल्या रतलामकरांना हे जमले, तर पुस्तकांची कपाटे असलेल्या पुणेकरांना जमायला हरकत नाही.

९. निषिद्ध कर्मे

ढीग पेटवू नये. ‘डास मरतात’ या समजुतीखाली प्लॅस्टिक, थर्माकोल आणि जुनी गादी जाळली जाते, आणि डास उडून शेजारी जातात, धूर मात्र आपल्या घरात येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपयांची भरपाई ठरवून दिली. धुराचा नमुना पाहायचा असल्यास मुंबईकरांना विचारावे. १९२७ पासून वापरात असलेले देवनारचे डम्पिंग ग्राउंड जानेवारी २०१६ मध्ये पेटले, तेव्हा कित्येक दिवस शहराच्या नाकात तो वास होता.

दुसरे निषिद्ध कर्म जास्त लोकप्रिय आहे : रात्री ढीग फावड्याने पलीकडच्या गल्लीत सरकवणे. याला खर्च येत नाही, परवानगी लागत नाही, आणि सकाळी मन प्रसन्न होते. पलीकडची गल्ली आठवड्याने तो परत पाठवते. ही पद्धत आपण शोधली असा कोणी अभिमान बाळगू नये. पुण्याने ती आधीच मोठ्या प्रमाणावर राबवली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जात राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, आणि ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या की पुण्यातले रस्ते भरून वाहू लागत. तेव्हा सदाशिव पेठेत लोक एकमेकांना विचारत, ‘या गावकऱ्यांना झालंय तरी काय?’ आपल्या कोपऱ्यावर पिशवी टाकणारा फिरता फेकी आपल्याबद्दल हेच विचारत असतो.

१०. उपाय, जो कंटाळवाणा आहे

इथपर्यंत वाचलेल्यांसाठी आता औषध. ते कडू नाही, नुसते बेचव आहे.

प्रकार सहावा आठवावा : गाडी चुकलेले. एक आठवडा रोज सकाळी ढिगाकडे नीट पाहिले तर त्यातला मोठा वाटा घराघरातल्या रोजच्या पिशव्यांचा दिसतो. या माणसांना कचरा टाकायची हौस नाही, त्यांच्या पिशवीला वेळ नाही. पाटी, देव, कॅमेरा हे सगळे त्यांना ‘इथे नको’ सांगतात. ‘मग कुठे, किती वाजता, कोणाच्या हातात’ हे कोणी सांगत नाही. ते ठरले की ढिगाचा रोजचा खुराक तुटतो.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा घेते. तिच्यामागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. आपल्या गल्लीत येणाऱ्या ताईंना वेळ विचारावी, महिन्याचे शुल्क वेळेवर द्यावे (ते केबलच्या बिलापेक्षा कमी असते), आणि ज्या घरांना सकाळी कुलूप असते त्यांची बादली रात्रीच कुठे ठेवायची ते त्यांच्याशीच ठरवून घ्यावे. सोसायटीत जिन्याखाली झाकणाच्या दोन बादल्या पुरतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. समोरचा माणूस आपला कचरा हाताने वेगळा करतो, हे तो ठिपका काढताना आपोआप लक्षात राहते. भाड्याने राहणाऱ्या मुलांना घरमालकाने चावीबरोबर गाडीची वेळही सांगावी.

दुकानदारांचे गणित वेगळे. शहाळेवाल्याच्या टरफलांसाठी वेगळी उचल लागते, ती मागायला त्याच्याबरोबर जावे. एकटा गेला तर त्याला आधी दंडाची पावती मिळते. राडारोड्याच्या टेम्पोचा मात्र क्रमांक टिपावा आणि फोटोसह थेट तक्रार करावी. तिथे संस्कार चालत नाहीत. आणि बिऱ्हाडात काम काढणाऱ्याला सोसायटीने परवानगी देतानाच मलबा कुठे जाणार, ते लिहून घ्यावे. ‘ठेकेदार बघून घेईल’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.

हे सगळे लागल्यावर जागा एकदा पूर्ण उचलून घ्यावी, दिवा बदलून घ्यावा, आणि पुढचे काही आठवडे पडलेली पहिली पिशवी त्याच दिवशी उचलावी. दुसरीला पहिली सापडली नाही की ती बहुधा घरीच राहते. रांगोळी, कुंड्या, हवे तर देवही, त्यानंतर.

तेव्हा उद्या पाटी रंगवणाऱ्याकडे जाण्याआधी आपल्या भागाच्या आरोग्य कोठीवर जावे आणि मुकादमाला गाडीची वेळ विचारावी. ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून जिन्यात लावावी. गल्लीत लावायची एवढी एकच पाटी खरोखर उपयोगाची आहे.